भावपत्रकातलं ₹ बिघडतं कुठे, आणि दर हंगामात परत का येतं

आंब्याचा हंगाम तोंडावर आला की देवगड-रत्नागिरीकडे भावपत्रकं तयार होतात. कुणी मुंबई-पुण्याच्या जुन्या गिऱ्हाइकांना मेल पाठवतं, कुणी आपल्या वेबपानावरचे दर बदलतं, आणि लगेच उलट निरोप येतो: ₹ च्या जागी भलतंच काहीतरी दिसतंय, नीट करून पाठवा. मग ते चिन्ह खोडून पुन्हा टाइप केलं जातं, तेवढ्यापुरतं नीट दिसतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तारकर्ली-गुहागरच्या न्याहारी-निवासवाल्यांकडे हा प्रकार दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी होतो. तिथे ₹ च्या जोडीला °, ½, × आणि ‘किनाऱ्यावर’मधला ऱ्य हेही बिघडतात.

हे परत परत येण्याचं कारण असं, की आपण बिघाड दिसतो तिथे दुरुस्ती करतो. बिघाड झालेला असतो त्याच्या आधीच्या कुठल्यातरी टप्प्यावर: एक्सेलमधून फाइल बाहेर काढताना, नोटपॅडमध्ये सेव्ह करताना, मेल पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये, नाहीतर सर्व्हरवर. तो टप्पा शोधायला महागडं काही लागत नाही. स्क्रीनवर जो कचरा दिसतो त्याच्या आकारावरूनच तो ओळखता येतो. म्हणून काहीही खोडण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या. गिऱ्हाइकाने कळवलं असेल तर त्याच्याकडूनही स्क्रीनशॉट मागवा. ‘नीट दिसत नाही’ एवढ्या निरोपावरून निदान होत नाही.

टोपीवाला ए आणि येनचं चिन्ह

सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार हा. आपण ₹1200 लिहिलेलं असतं. समोरच्याला टोपी घातलेला रोमन ए, त्यापुढे स्वल्पविरामासारखी खूण, मग वर चढलेला छोटासा ¹ आणि त्याला चिकटून 1200 असं दिसतं. सिंधुदुर्गातल्या बागायतदाराच्या तोंडचा प्रश्न मग साहजिक आहे: “आकडो असो कसो दिसता?”

यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ₹ तीन बाइटांत, म्हणजे साठवणीच्या तीन घरांत, साठवलं जातं. वाचणाऱ्या प्रोग्रामला हा मजकूर यूटीएफ-८ आहे हे कुणी सांगितलं नाही, तर तो बऱ्याचदा विंडोज-१२५२ या जुन्या पश्चिम युरोपीय तक्त्याने वाचायला लागतो. त्या तक्त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. त्यामुळे एका चिन्हाची तीन अक्षरं होतात, आणि तिसरं नेमकं ¹ निघतं. हा ¹ मला सर्वांत धोक्याचा वाटतो. मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर घाईत वाचणाऱ्याला बाराशेची पेटी अकरा हजार दोनशेची वाटू शकते. बिघाड दिसला तर माणूस विचारतो. चुकीचा आकडा खरा वाटला तर तो विचारतही नाही, दुसरीकडून आंबा घेतो.

मराठी मजकूर असाच वाचला गेला तर प्रत्येक अक्षराच्या आधी तिरकी रेघ असलेला ए आणि त्यापुढे ¤ किंवा ¥ येत राहतं. अ पासून ज्ञ पर्यंतची मुळाक्षरं, काना आणि पहिली वेलांटी यांना ¤ मिळतं. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह आणि देवनागरी आकडे यांना ¥ मिळतं. म्हणजे दर देवनागरी आकड्यांत लिहिला तर प्रत्येक आकड्यासोबत येनचं चिन्ह उमटतं आणि रक्कम अजिबात कळत नाही. 1200 असा लिहिलेला आकडा मात्र या सगळ्यातून जसाच्या तसा बाहेर येतो. मराठी आकडे मलाही प्रिय आहेत आणि छापील पत्रकात ते जरूर असावेत. मेलमधली रक्कम आणि फोन नंबर मात्र इंग्रजी आकड्यांत ठेवावेत असं माझं ठाम मत आहे.

याच जातीचा आणखी एक बिघाड म्हणजे मजकुरात मध्येच € दिसणं. वर्ड आणि फोनचे कीबोर्ड साध्या अवतरणचिन्हाचं वळणदार ’ करून टाकतात. त्याचेही तीन बाइट होतात आणि मधला बाइट जुन्या तक्त्यात युरो म्हणून वाचला जातो. ° आणि ½ यांच्या आधी टोपीवाला मोठा ए दिसला तर तेही याच कुळातलं.

यात दिलासा असा की बाइट शाबूत आहेत, फक्त ओळख चुकली आहे. वेबपानासाठी तीन जागा तपासा. फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह झालेली असली पाहिजे. २०१९ साली आलेल्या विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ वापरतं. त्याआधीचं नोटपॅड ‘एएनएसआय’, म्हणजे यंत्राचा जुना तक्ता, हा पर्याय धरून बसतं, आणि कोकणातल्या अनेक कचेऱ्यांत अजून जुनी यंत्रं चालू आहेत. दुसरी जागा म्हणजे पानाच्या डोक्यातली मेटा चारसेटची ओळ, म्हणजे मजकूर कुठल्या तक्त्याने वाचायचा हे सांगणारी ओळ. ती फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांच्या आत हवी. वर लांबलचक टिपणं किंवा दुसऱ्या ओळी घातल्या आणि ती खाली सरकली, तर ब्राउझर तिची वाट बघत बसेलच असं नाही. तिसरी जागा लोक हमखास विसरतात. पान देताना सर्व्हर स्वतःही चारसेट सांगतो आणि त्याचा शब्द मेटा ओळीच्या वर चालतो. पानात सगळं बरोबर असूनही कचरा दिसत असेल, तर ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून नेटवर्क विभागात त्या पानाचा ‘कंटेंट-टाइप’ बघा. तिथे जुन्या चारसेटचं नाव दिसलं तर होस्टिंगवाल्याला तेवढंच कळवा. पानात बदल करत बसू नका.

मेलमध्ये बहुतेक वेळा दोष जुन्या साच्याचा असतो. काही वर्षांपूर्वी कुणीतरी बनवून दिलेला साचा आयएसओ-८८५९-१ हे चारसेट सांगत असतो आणि आपण त्यात दर हंगामात नवे भाव भरत राहतो. वेबपानावरच्या चौकशीच्या फॉर्ममधून येणाऱ्या मेलमध्ये तर चारसेट सांगणारी ओळ पुष्कळदा लिहिलेलीच नसते. दोन्ही ठिकाणी यूटीएफ-८ लिहिलं की विषय कायमचा मिटतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. हा कचरा कॉपी करून, त्यातच दुरुस्ती करून पुन्हा सेव्ह करू नका. तसं केलं की चुकीची ओळखच खरी म्हणून साठते. ₹ चे तीन बाइट सात होतात, आणि पुढच्या वेळी ते सातही चुकीचे वाचले गेले तर गुंता आणखी वाढतो. शिवाय विंडोज-१२५२ च्या तक्त्यात पाच घरं रिकामी आहेत. ए, ऐ, झ, ॐ, ऱ्हस्व उकार आणि पाय मोडणारं चिन्ह यांचा शेवटचा बाइट नेमका त्या घरांत पडतो. काही प्रोग्राम तिथे सरळ प्रश्नचिन्ह टाकतात. म्हणून असा मजकूर पुन्हा मराठीत आणला की ‘रत्नागिरी’तलं जोडाक्षर आणि ‘गुहागर’चा उकार हरवलेले सापडतात. ठ ची गोष्ट वेगळी आहे. त्याचा शेवटचा बाइट त्या तक्त्यात न तुटणारी मोकळी जागा ठरतो, आणि जादा मोकळ्या जागा साफ करणारा एखादा प्रोग्राम तो उडवून मोकळा होतो.

मूळ फाइल हाताशी असेल तर तीच पुन्हा घ्या. नसेलच, तर नोटपॅड प्लस प्लसमध्ये कचरा एका नव्या फाइलीत चिकटवा, एन्कोडिंगच्या यादीतून आधी ‘कन्व्हर्ट टू एएनएसआय’ आणि मग नुसतं ‘यूटीएफ-८’ निवडा. यंत्राची भाषा-मांडणी पश्चिम युरोपीय असेल आणि मजकूर एकदाच बिघडलेला असेल, तर मराठी परत येते. त्यानंतर वर सांगितलेली अक्षरं डोळ्यांखालून घाला.

प्रश्नचिन्ह

?1200 दिसलं तर गोष्ट निराळी. इथे चिन्ह वाचण्यात नाही, लिहितानाच गेलं. कुठल्यातरी प्रोग्रामने मजकूर अशा तक्त्यात बसवला ज्यात ₹ ला घरच नव्हतं, आणि त्याने त्या जागी ? ठेवलं. त्या प्रश्नचिन्हातून ₹ परत काढता येत नाही. चारसेट बदलून बघण्यात वेळ घालवू नका, आधीच्या टप्प्याकडे चला.

दर हंगामात परत येणाऱ्या तक्रारीचं मूळ मला बहुतेक वेळा इथेच सापडतं, आणि ते एक्सेलमध्ये असतं. भावपत्रक एक्सेलमध्ये असतं: चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी पेटी आणि पुढे दर. वेबपानावर किंवा मेलच्या यादीत चढवण्यासाठी ते सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) म्हणून सेव्ह केलं जातं. सेव्ह करताना ‘सीएसव्ही (कॉमा डिलिमिटेड)’ आणि ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असे दोन पर्याय दिसतात. पहिला निवडला की मराठी आणि ₹ या दोन्हींची प्रश्नचिन्हं होऊ शकतात. दुसराच निवडायचा. उलट दिशेलाही सांभाळा: कुणाकडून आलेली सीएसव्ही फाइल डबल-क्लिक करून उघडली तर एक्सेल ती जुन्या तक्त्याने वाचू शकतं. ‘डेटा’मधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने आत घ्या आणि ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१ निवडा. यूटीएफ-८ चा तो क्रमांक आहे.

यात एक खोच आहे. पुष्कळ भावपत्रकांत ₹ कुणी टाइप केलेलंच नसतं. रकान्याला चलनाचं फॉरमॅट दिलेलं असतं, म्हणून ते दिसतं. सीएसव्ही करताना मात्र एक्सेल दिसतं तसं लिहून काढतं, त्यामुळे ₹ आणि हजारांचा स्वल्पविराम दोन्ही मजकूर म्हणून फाइलीत उतरतात. माणूस मग म्हणतो, ‘मी तर फक्त आकडे भरले होते!’ ते खरंच असतं. यावरचा कायमचा उपाय माझ्या मते एकच: एक्सेलच्या रकान्यात नुसता आकडा ठेवा, फॉरमॅट ‘जनरल’ ठेवा, आणि ₹ हे चिन्ह मेलच्या किंवा पानाच्या साच्यात एकदाच, आकड्याच्या जागेआधी लिहून ठेवा. मग दर बदलले तरी चिन्हाला कुणी हात लावत नाही.

काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह, म्हणजे �, याचा अर्थ टोपीवाल्या ए च्या प्रकाराच्या उलट आहे. मजकूर जुन्या तक्त्यात साठलेला आहे आणि त्याला यूटीएफ-८ म्हणून वाचलं जातंय. ° आणि ½ च्या बाबतीत हे फार होतं. दिसत असेल तोवर मूळ शाबूत असतं. त्या अवस्थेत सेव्ह केलं की गेलं.

आकड्यांचा कोड वापरायचा तर

वेबपानात आणि एचटीएमएल (वेबपानाच्या भाषेत लिहिलेल्या) मेलमध्ये ₹ ऐवजी ₹ लिहिता येतं. °साठी ° आहे, ½साठी ½, आणि ×साठी ×. हे कोड साध्या इंग्रजी आकड्यांनी आणि खुणांनी बनलेले असल्यामुळे कुठल्याही जुन्या तक्त्यातून सुखरूप पार होतात. आकडे इंग्रजीच हवेत, देवनागरी आकडे घातले तर कोड चालत नाही. शेवटचा अर्धविरामही विसरू नका.

कोडच जसाच्या तसा छापला गेला तर दोन शक्यता असतात. एक म्हणजे तुम्ही तो संपादकाच्या दृश्य खिडकीत टाइप केला आणि त्याने & चाही कोड करून टाकला. कोडच्या खिडकीत जाऊन लिहा. दुसरी म्हणजे तो मेलच्या विषयात किंवा साध्या मजकुराच्या मेलमध्ये वापरला. तिथे हा कोड कधीच चालत नाही, कारण तो उलगडून दाखवायला एचटीएमएल वाचणारं कुणी नसतं.

पान यूटीएफ-८ मध्ये आहे याची खात्री असेल तर थेट चिन्हच लिहा. पुढे ते पान दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं तर त्याला वाचता येतं. विंडोजवर ‘इंग्लिश (इंडिया)’ कीबोर्ड निवडला की उजवं ऑल्ट आणि 4 एकत्र दाबल्यावर ₹ येतं.

जुन्या भावपत्रकांत दराआधी ` अशी बारीक तिरकी खूण दिसली तर तिचाही उलगडा सांगतो. ₹ हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं. उदय कुमार यांनी ते रेखाटलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या युनिकोड ६.० मध्ये (युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी यादी) त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला. मधल्या काळात लोकांनी असे फॉन्ट वापरले ज्यात टॅबच्या वरच्या बटणावरच्या ` या खुणेच्या जागी ₹ चं चित्र काढलेलं होतं. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मूळची खूणच दिसते. अशा फाइलीत शोधा-बदला करून सगळीकडे खरं ₹ घाला.

डीटीपीवाल्याकडून आलेल्या मराठीचं दुखणं याच प्रकारचं आहे. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी योगेश अशा जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार काढलेले असतात. मेलमध्ये चिकटवलं की रोमन अक्षरं आणि विरामचिन्हांची खिचडी दिसते. इथे चारसेटशी संबंध नाही. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा लागतो, आणि नंतर रफार, ऱ्य आणि ॲ डोळ्यांनी तपासावे लागतात.

मेलचा विषय

मेलचे नियम मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी बांधले गेले. विषयात मराठी किंवा ₹ असेल तर मेल प्रोग्राम त्या ओळीचे तुकडे करून गुंडाळतो. गुंडाळलेल्या एका तुकड्याची लांबी जास्तीत जास्त ७५ खुणा. नेहमीच्या बेस-६४ पद्धतीने त्यात कानामात्रा धरून जेमतेम १५ देवनागरी चिन्हं मावतात. तुकडा करताना एखादं अक्षर मधोमध कापू नये असा नियम आहे, पण मेल पाठवणाऱ्या काही जुन्या स्क्रिप्ट (छोटे प्रोग्राम) तो पाळत नाहीत. विषयाची सुरुवात नीट आणि पुढे एकाच जागी � असं दिसलं तर संशय पाठवणाऱ्या स्क्रिप्टवर घ्या. समोरच्याला =? ने सुरू होणारी लांबच लांब रोमन ओळ दिसत असेल तर गुंडाळी सोडवलीच गेलेली नाही.

स्क्रिप्ट दुरुस्त होईपर्यंत विषय लहान ठेवा आणि ₹ मजकुरात लिहा. विषयात ‘रु.’ पुरतं. एसएमएसलाही हेच लागू आहे: साध्या रोमन मजकुराच्या संदेशात १६० अक्षरं बसतात, पण एक ₹ किंवा एक मराठी अक्षर आलं की मर्यादा ७० वर येते आणि एकाचे दोन-तीन संदेश होतात.

व्हॉट्सॲपवरून मजकूर उचलून मेलमध्ये टाकत असाल तर ठळक करण्यासाठी घातलेल्या * खुणा तेवढ्या काढून टाका.

किनाऱ्यावरचा ऱ्य

आपल्याकडच्या मजकुरात हा शब्द टाळणं अशक्य. ‘किनाऱ्यावर घर’ लिहिलं आणि पानावर ‘किनार्यावर’ दिसलं, तर वाचणाऱ्याला वाटतं लिहिणाऱ्याला मराठी येत नाही. मला हा बिघाड ₹ पेक्षाही जास्त लागतो.

ऱ्य दोन पद्धतींनी साठवला जातो. एका पद्धतीत साधा र, पाय मोडणारं चिन्ह आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. त्या जोडचिन्हाचा क्रमांक ८२०५. दुसऱ्या पद्धतीत ऱ हे वेगळं अक्षरच वापरलं जातं. पहिल्या पद्धतीतलं अदृश्य चिन्ह मजकूर ‘स्वच्छ’ करणारे फॉर्म आणि प्रोग्राम कचरा समजून काढून टाकतात, आणि र चा रफार होतो. दुसऱ्या पद्धतीत काढण्यासारखं काही नसतं. म्हणून नेहमी ऱ चं बटण वापरा. कीबोर्डवर सापडत नसेल तर एकदा नीट लिहिलेला शब्द जपून ठेवा आणि तिथून घ्या. जुन्या पानांत दोन्ही पद्धती मिसळलेल्या असतील तर शोधही फसतो: एक टाइप करून शोधलं तर दुसऱ्या पद्धतीचा शब्द सापडेलच असं नाही. सगळीकडे एकच पद्धत करून घ्या.

ॲ चंही थोडं असंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या यंत्रांवर तिथे रिकामी चौकट दिसते. रिकामी चौकट दिसली तर एरवीही तुमच्या मजकुरात दोष नसतो, समोरच्याच्या फॉन्टात ते चिन्ह नसतं.

🥭 नंतरचं सगळं गायब

ऑर्डरच्या फॉर्ममध्ये गिऱ्हाईक लिहितं ‘दोन पेट्या 🥭 पत्ता पुढीलप्रमाणे’ आणि तुमच्याकडे फक्त ‘दोन पेट्या’ पोचतं. माय-एसक्यूएल या डेटाबेसमधला ‘यूटीएफ-८’ नावाचा जुना प्रकार एका चिन्हाला तीनच बाइट देतो. देवनागरी आणि ₹ त्यात बसतात, म्हणून वर्षानुवर्षं काही कळत नाही. आंब्याच्या इमोजीला चार बाइट लागतात. सेटिंग सैल असेल तर डेटाबेस तिथेच मजकूर तोडतो आणि कुणालाही काही सांगत नाही. डेटाबेसमधली टेबलं आणि डेटाबेसशी होणारी जोडणी दोन्ही ‘यूटीएफ-८-एमबी-४’ वर न्या, नुसती टेबलं बदलून भागत नाही. काही दुकानदार आपलं रोमन नाव नक्षीदार अक्षरांत लिहितात. ती अक्षरंही गणितातली चार बाइटांची चिन्हं असतात आणि तशीच तुटतात. अंध वाचकाचा स्क्रीनरीडर ती नीट वाचत नाही आणि शोधात ती सापडत नाहीत, म्हणून मी ती टाळायलाच सांगतो.

घराचा रस्ता सांगताना अंश-कलांच्या ° ′ ″ खुणा न घालता दशांशात लिहा. मालवणसाठी साधारण 16.06, 73.46 असं. नकाशात थेट चिकटवता येतं आणि बिघडायला चिन्हच उरत नाही.

दर पाठवण्याआधी ही एक ओळ विषयात, मेलच्या मजकुरात, फॉर्ममध्ये आणि सीएसव्ही फाइलीत घालून स्वतःलाच पाठवून बघा:

₹1200 ½ × 16° ‘झाड’ ठेव गुहागर किनाऱ्यावर ॲप ॐ 🥭 शेवट

एकदा संगणकावर उघडा, एकदा फोनवर, आणि जमलं तर एखाद्या कचेरीतल्या जुन्या यंत्रावर. ‘शेवट’ हा शब्द दिसला नाही तर डेटाबेस बघा. जिथे आकार बदलला असेल तिथे वरचं संबंधित निदान लावा आणि त्या टप्प्यावर दुरुस्ती करा. मगच खरी यादी चढवा.